मटण सुटते, मीपण नाही

मा. संपादक,

ईस्टरआधीचा उपवासकाळ (लेंट) आला की आम्हा कॅथलिकांच्या घरी एकच चर्चा: यंदा काय सोडायचे? कुणी मटण सोडतो, कुणी दारू, कुणी मोबाईल. चर्चचा नियम तसा हलकाच. राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी 18 ते 59 वयाच्यांनी एकदाच पोटभर जेवायचे. उरलेले दोन वेळचे खाणे मिळूनही एका जेवणाइतके होता कामा नये. मांस वर्ज्य असले तरी मासे चालतात, त्यामुळे कोंबडीपेक्षा कितीतरी महाग पापलेट आणूनही नियम पाळल्याचे समाधान मिळते! रविवार सोडून 40 दिवस सरतात आणि स्वार्थ होता तिथेच बसलेला असतो.

येशूसंघाचे (जेझुइट धर्मगुरूंच्या संघाचे) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (1491–1556) यांनी दुखणे नेमके ओळखले होते. स्वतःवरचे प्रेम, स्वतःची मर्जी आणि स्वतःचा लाभ यांतून माणूस जितका बाहेर पडेल तितकीच त्याची आध्यात्मिक वाढ, असे ते सांगतात. दहा हजार मोहरा मिळालेल्या तीन तऱ्हेच्या माणसांचे त्यांचे उदाहरण मार्मिक आहे. पहिल्याला आसक्ती सुटावी असे वाटते, पण मरेपर्यंत तो काहीच करत नाही. दुसऱ्याला आसक्ती सोडायची असते, पैसा मात्र ठेवायचा असतो. देवानेच त्याच्या मर्जीप्रमाणे वागावे, असे त्याला वाटते. तिसरा ठेवायलाही तयार, द्यायलाही. आपण बहुतेक जण दुसऱ्या तऱ्हेचे.

त्यांचा उपाय अगदी हिशेबनिसाचा. एकच दोष निवडायचा. ‘स्वार्थ’ असे मोघम लिहून भागत नाही, ते मोजता येत नाही. ‘केलेली मदत बोलून दाखवली’, ‘दुसऱ्याचे श्रेय घेतले’ असे लिहावे. कागदावर सात दिवसांच्या प्रत्येकी दोन ओळी आखायच्या. सकाळी उठताच निश्चय. दुपारी जेवल्यावर तासातासाचा आढावा घ्यायचा आणि जितक्यांदा घसरलो तितके ठिपके पहिल्या ओळीवर द्यायचे. रात्री जेवल्यावर तसेच दुसऱ्या ओळीवर. चूक घडताच हात छातीवर ठेवायचा, चारचौघांतही ते कुणाच्या लक्षात येत नाही. मग ओळीशी ओळ, कालशी आज, आठवड्याशी आठवडा ताडून पाहायचा.

दुपारचा आढावा रात्रीवर ढकलला की सकाळचे निम्मे विसरलेले असते. पाच दोष एकदम घेतले की एकही धड दिसत नाही. सुरुवातीला ठिपके वाढले तर घाबरू नये, आधी न दिसणारे आता दिसू लागलेले असते. खरी पंचाईत ठिपके कमी झाल्यावर होते: ‘मी किती सुधारलो!’ तेव्हा पुढच्या आठवड्याच्या कागदावर हीच फुशारकी दोष म्हणून घ्यावी. कागद अर्थातच कुणाला दाखवायचा नाही.

उपवासातून वाचलेला पैसा नातलगाला द्यायचा असेल तर इग्नेशियस यांची एक कसोटी आहे. आपण कधीही न पाहिलेला माणूस असाच पैसा वाटायला बसला आहे असे समजावे. त्याने किती आणि कुणाला द्यावे असे आपण सांगू, तेच माप स्वतःला लावावे.

– एक वाचक, वसई