40 मिनिटांच्या निबंधात कुणाला बोलवायचं?

प्रिय बाळा,

तुझा सरावाचा निबंध वाचला. एसीटीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेच्या, नमुना प्रश्नातला, बुद्धिमान यंत्रांवरचा. भाषा चांगली आहे, तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. अडलं ते उदाहरणांपाशी. एडिसन, आइनस्टाइन, स्टीव्ह जॉब्ज असे तिघे एकाच परिच्छेदात हजेरी लावून गेले. त्यांच्यामुळे तुझा मुद्दा पुढे कसा सरकला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांच्याऐवजी एकटा बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्ह घेऊन बघ. 1997 मध्ये डीप ब्लू या संगणकानं त्याला हरवलं, एवढं पुष्कळजण लिहितील. पुढच्या वर्षी स्पेनमधल्या लिऑनला तो टोपालोव्ह या दुसऱ्या ग्रँडमास्टरशी खेळला, आणि या सामन्यात दोघांनाही संगणकाची मदत घ्यायची मुभा होती. महिनाभर आधी, संगणकाविना, त्यानं याच टोपालोव्हला 4-0 असं धुऊन काढलं होतं. आता मात्र सामना 3-3 बरोबरीत सुटला. का? अचूक हिशेब करण्यात कास्पारोव्ह सरस होता आणि नेमकं तेच काम यंत्रानं दोघांनाही करून दिलं.

प्रश्नात तीन दृष्टिकोन दिलेले असतात आणि तुझं मत त्यातल्या निदान एकाशी ताडून पाहायचं असतं. यंत्रामुळे माणसाचं काहीतरी हरवतं म्हणणाऱ्याला हा सामना हाताशी येतो, आणि हिशेब यंत्रावर सोपवून माणसानं डावपेचांकडे बघावं म्हणणाऱ्यालाही. उदाहरण असं दोन्हीकडे बोलणारं निवड. मग विरुद्ध बाजू मांडायला वेगळी शोधाशोध करावी लागत नाही.

1955 मध्ये अमेरिकेत गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या कृष्णवर्णीय रोझा पार्क्स उदाहरणात नकोच, असं तुझ्या मैत्रिणी म्हणतात. मला नाही पटत. नाव घासून गुळगुळीत झालंय ते 'दमलेली बाई उठली नाही' एवढ्यावरच सगळे थांबतात म्हणून. पार्क्स तर कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं काम करणाऱ्या होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये 15 वर्षांच्या क्लॉडेट कोल्व्हिनलाही बसमधली जागा सोडली नाही म्हणून अटक झाली होती. पार्क्सच्या अटकेनंतरचा बसवरचा बहिष्कार 381 दिवस टिकला, त्यात लोकांनी एकमेकांना गाड्यांतून नेण्याची सोय उभी केली होती, आणि ज्या खटल्यानं बसमधला वर्णभेद संपवला त्यात वादी म्हणून कोल्व्हिन होती, पार्क्स नव्हत्या! एकट्याचं धैर्य मोठं की संघटन, असा प्रश्न आला तर एवढं सामान तुला पुरून उरेल.

आणि उदाहरणं मनानं रचू नकोस. सॅट या दुसऱ्या प्रवेशपरीक्षेत 2005 मध्ये सुरू झालेल्या 25 मिनिटांच्या निबंधात तपशिलाच्या चुकांसाठी गुण कापू नका, अशीच तपासनिसांना सूचना होती, त्यामुळे बेधडक रचण्याचे सल्लेही दिले जायचे. पण रचलेलं उदाहरण निमूटपणे तुझीच री ओढतं, आणि त्यामुळे परिच्छेद पोकळ होतो.

स्वतःचा अनुभव चालतो. रोबोटिक्सच्या संघातलं ते भांडण, कोड कुणी लिहायचं यावरचं, याच प्रश्नाला बसलं असतं. ते का नाही वापरलंस? शनिवारी तोच प्रश्न पुन्हा घे आणि या वेळी त्या भांडणापासून सुरुवात कर.

तुझा,
बाबा