अण्णा, तुमचा कोन अजून माझ्याकडे आहे

अण्णा,

नमस्कार. तुमचा पत्ता असता तर हे असं चारचौघांत लिहिलं नसतं. पण तुम्ही लेकीकडे हैदराबादला गेलात, तुमचा बटणांचा फोन लागत नाही, आणि बिल्डिंगच्या नव्या वॉचमनला तुमच्याबद्दल ‘ते सायकलवाले’ यापलीकडे काही ठाऊक नाही. सोलापुरातलं कुणीतरी हे वाचेल आणि तुमच्या नातवापर्यंत पोचवेल, या भरवशावर लिहिते आहे.

मी ती रत्नागिरीची बाई, बदली होऊन जुळे सोलापुरात आलेली. एप्रिलचा पहिला आठवडा होता. आमच्याकडे सकाळी सातला पळायला निघालं तरी झाडांखालून जाता येतं, म्हणून इथंही सातलाच निघाले, विजापूर रोडनं सरळ. सात रस्ता चौक ओलांडून जरा पुढे गेले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. एका बंद शटरच्या पायरीवर मटकन बसले. तुम्ही आमच्या बिल्डिंगच्या गेटवरची रात्रपाळी संपवून घरी चालला होतात. सायकल स्टँडवर लावलीत, हँडलला अडकवलेला डबा काढलात आणि झाकणात ताक ओतलंत. त्यात मीठ इतकं होतं की माझं तोंड बघून तुम्हालाच हसू आलं.

“कुठं चाललाव ओ मॅडम, एवढ्या उन्हात?”

“कुठं नाही, पळतेय.”

“कुठंच जायचं नाही, तर मग पळायचं कशाला?”

याला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. अजूनही सुचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ड्यूटीवर येताना तुम्ही सुताचा रिकामा कोन घेऊन आलात. पुठ्ठ्याचा, वीतभर उंच, वर निमुळता, आतून अजून दोन पांढरे धागे चिकटलेले. वॉचमन होण्याआधी पस्तीस वर्षं माग चालवलेल्या माणसाकडे कागदापेक्षा कोनच जास्त असणार! त्यावर निळ्या बॉलपेननं तुम्ही माझ्यासाठी रस्ता काढला होता. सात रस्ता, रंगभवन, चार पुतळे, किल्ला, सिद्धेश्वर, विजापूर वेस, कन्ना चौक, अशोक चौक, गुरुनानक चौक. रेघ कोनाभोवती फिरत फिरत जिथून निघाली तिथंच येऊन मिळत होती. फोनवरचे कितीतरी नकाशे मी वापरले आहेत, पण त्यातला एकही असा हातात फिरवून बघता येत नाही.

मजा म्हणजे तुम्ही स्वतः आयुष्यात कधी पळाला नाहीत. पण कुठल्या गल्लीत पहाटे साडेचारला दिवा असतो, कुठला चहावाला पाचला स्टोव्ह पेटवतो, हे पाळ्या करून करून तुम्हाला पाठ. मधेमधे गोल गोल अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. मला वाटलं, गल्ल्यांची नावं असतील. महिन्याभरानं ऑफिसातल्या एका मुलीनं वाचून दाखवलं, ते तेलुगू होतं. तीन ठिकाणी ‘कुक्का’, म्हणजे कुत्रा. दोन ठिकाणी ‘नीळ्ळु’, म्हणजे पाणी. तोवर तिन्ही कुत्र्यांची ओळख झालेली होती!

किल्ल्यापाशी तुम्ही बाण काढला होता. सूर्य सिद्धेश्वर तलावाच्या अंगानं वर येतो, म्हणून पार्क चौकाकडच्या बाजूला तटाची सावली जास्त वेळ टिकते. उन्हाळ्यात तिथं पळायचं, थंडीत उलट तलावाकडे. बहमनी काळातला हा भुईकोट, तीन बाजूंना खंदक आणि चौथ्या बाजूला तलाव, हे मी पाटीवर वाचलं असतंच. सावलीचं कुठल्या पाटीवर असतं? मे महिन्यात साडेसहाच्या आत घरी परतायचं हा तुमचा नियम मी एकदाच मोडला, आणि पुढचा आख्खा दिवस पंख्याखाली काढला. दुसरा नियम तर खास सोलापूरचा: नळाला पाणी यायचं असेल त्या दिवशी पळायचंच नाही. रत्नागिरीतल्या बहिणीला हे सांगितलं तर तिला थट्टाच वाटली.

आणि ते अडुसष्ट लिंगांचं. सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, त्यांचा फेरा करतात, हे तुम्ही गेटपाशी उभं राहून सांगितलंत तेव्हा मी मान डोलावली, एवढंच. लहानपणी यात्रेतल्या तेलाभिषेकाच्या दिवशी वडिलांचं बोट धरून तुम्ही पूर्ण फेरा चालायचात, पाय दुखले की वडील नंदीध्वज पेलणाऱ्या बाराबंदीवाल्यांकडे बोट दाखवायचे: ते बघ, ते एवढी उंच काठी पेलून चालतेत. मग मी रविवारी लिंगं शोधत पळायला लागले. पहिल्या रविवारी सात सापडली. काही चांगली देवळात होती. पण एक दुकानाच्या ओट्याला लागून होतं, एक कडुनिंबाच्या बुंध्याशी, आणि एक एका घराच्या अंगणात. तिथल्या आजींनी दार उघडलं. घामानं निथळणाऱ्या, बूट घातलेल्या बाईला बघून त्या काही बोलल्या नाहीत. फक्त बूट काढायची खूण केली आणि परत निघाले तेव्हा हातावर गूळ ठेवला. आतापर्यंत एकतीस झाली आहेत. ही पळण्याची पद्धत नव्हे, हे मला कळतं. दर चार मिनिटांनी थांबून, बूट काढून, पुन्हा लेस बांधून कुणाचा वेग सुधारेल?

चार पुतळ्यांपाशी तुम्ही सायकलवरून उतरायचात आणि टोपी काढायचात. धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे ही नावं मला शाळेच्या पुस्तकातली. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली, हेही पाठ. पण तारखेचा आणि यात्रेचा मेळ तुम्ही सांगितलात: फाशीचा दिवस आणि तेलाभिषेकाचा दिवस लागून येतात. तेव्हापासून जानेवारीत त्या चौकातून जाताना मी आपोआप चालायला लागते.

लांब पळायचं असेल तर कोनाच्या बुडाशी तुम्ही दोन शेपट्या जोडल्या होत्यात. एक विजापूर रोडवर संभाजी तलावाकडे, ज्याला तुम्ही कंबर तलावच म्हणता. दुसरी तुळजापूर रोडनं हिप्परग्याच्या तलावाकडे, इंग्रजांनी १८७१ मध्ये बांधून पुऱ्या केलेल्या एकरुखकडे. ही दुसरी एकटीनं करायची नाही, असं तुम्ही बजावलं होतंत. मी कोजागरीला केली. तुळजापूरला पायी निघालेल्या गर्दीत एकटं कोण असतं? एका अनवाणी आजीनं मला मागं टाकलं, वळून बघितलं आणि म्हणाली, “बाई, दमानं घे, अजून लई लांब आहे.” तिला पुढे चाळीसेक किलोमीटर जायचं होतं, मला तलावापासून मागं फिरायचं होतं. लाज वाटून आणखी थोडं पुढे गेले.

आता तुमच्या कोनात काही दुरुस्त्या. कन्ना चौकाच्या पुढचं ‘नीळ्ळु’ बंद झालंय, नळाची तोटीच नाही. साखर पेठेतला ‘कुक्का’ म्हातारा झाला, मला बघून शेपूट हलवतो, उठत मात्र नाही. त्या गल्लीत पहाटे मागांचा खडखडाट आधीपेक्षा कमी ऐकू येतो. रस्ता चुकत नाही, पण कान चुकल्यासारखे होतात. ताकात मीठ मी आता तुमच्याइतकंच घालते.

अण्णा, फार उपकार झाले. एवढं साधं वाक्य तुम्ही इथं होतात तोवर माझ्या तोंडून निघालं नाही, कारण सकाळी तुम्ही घाईत आणि मी धापा टाकत.

एक विचारायचं राहिलं. सात रस्त्याच्या जरा पुढे तुम्ही बारीक फुली मारली आहे. तिथं काहीच लिहिलेलं नाही. मी परवा मुद्दाम थांबून बघितलं. कुत्रं नाही, नळ नाही, लिंगही नाही. एक बंद शटर आहे आणि त्याची पायरी.