जपान-इराण मैत्रीची मर्यादा

रविवार पुरवणीतील जपान-इराण संबंधांवरील लेख वाचला. तेलव्यापारामुळे ही मैत्री सात दशके अभंग राहिली, हे त्यातील मत पटले नाही. १९५३ मध्ये इराणने तेलउद्योगाचे राष्ट्रीयीकरण केल्यावर ब्रिटनने घातलेल्या नाकेबंदीला न जुमानता जपानच्या इदेमित्सू कंपनीच्या 'निश्शो मारू' जहाजाने इराणच्या आबादान बंदरातून तेल आणले. त्या तेलावर हक्क सांगणारी ब्रिटिश कंपनी टोकियोच्या न्यायालयात गेली आणि हरली. ते धाडस आदराने आठवावे असेच आहे. पण पुढचा इतिहास लेखात का नाही? इराणच्या आझादेगान तेलक्षेत्रात जपानच्या इन्पेक्स कंपनीला २००४ मध्ये ७५ टक्के वाटा मिळाला होता. तो २००६ मध्ये १० टक्क्यांवर आला आणि अमेरिकी निर्बंधांच्या सावटाखाली २०१० मध्ये कंपनी बाहेरच पडली. निर्बंध असताना पैसे कोणत्या बँकेमार्फत द्यायचे आणि टँकरचा विमा कोण उतरवणार, हे प्रश्न खरेदीदार व विक्रेता दोघेच सोडवू शकत नाहीत. म्हणून तर २०१९ मध्ये अमेरिकेने इराणी तेलखरेदीसाठी निर्बंधांतून दिलेली सवलत संपवताच जपानने इराणी तेल घेणे थांबवले. भारतालाही तेच करावे लागले.

– एक वाचक, पुणे