बुलेट कोणाची ते सांगतो, ऐक

डिचोली, गोवा

प्रिय मित्रा,

चवथीला तू आलेलास तेव्हा अंगणात बाबांच्या बुलेटवर हात ठेवून तू सहज बोलून गेलास, "काका, गाडी एक नंबर, पण शेवटी गोऱ्यांचीच ना, पैसा जाणार तो विलायतेलाच." बाबा काही बोलले नाहीत. तू गेल्यावर मात्र फडकं घेऊन टाकी पुसत बसले, बराच वेळ. मला तेव्हाच उत्तर द्यायचं होतं पण माटोळी (गणपतीवर फळं-पानं बांधतात ती), पाहुणे, आरत्या, त्यात राहूनच गेलं. आता तू नवीन गाडी घेतोयस आणि घेईन तर भारतीय कंपनीचीच म्हणतोयस, तर हे नीट वाच.

बुलेट बनवणारी रॉयल एनफिल्ड आयशर मोटर्सची आहे आणि आयशर आपल्या इथली कंपनी, लाल कुटुंबाची. १९९४ पासून बुलेट त्यांच्याकडे आहे. शेअर बाजारातली कंपनी आहे म्हणजे थोडे शेअर परदेशी फंडांकडेही असणार, पण लगाम लाल यांच्याच हातात. आणि आयशर हे नावसुद्धा मुळात जर्मन ट्रॅक्टरवाल्यांचं बरं का, त्यामुळे नावावरून मालक ओळखायला गेलास तर चुकणारच.

आता जन्म विलायतेचा हे खरंच, ते मी कशाला नाकारू. इंग्लंडात रेडिचला कारखाना होता, बंदुकीचे पार्ट बनवायचे म्हणून ते तोफेचं चिन्ह, आणि बुलेट हे नाव १९३२ चं. पण पुढचं बघ ना. आपल्या सैन्याला सरहद्दीवर गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती, ३५० सीसी बुलेट पसंत पडली, आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया उभी राहिली. सुरुवातीला पार्ट तिकडून यायचे, इथे जोडायचे, मग साचे आणि मशिनरीच इकडे आली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला पूर्ण गाडी बनायला लागली. तिकडे रेडिचचा कारखाना १९६७ ला बंद पडला, १९७० पर्यंत विलायतेतली एनफिल्ड संपलीच. इथली चालू राहिली. आणि १९७७ पासून मद्रासची बुलेट जहाजात चढून इंग्लंडला विकायला जायला लागली! ज्यांनी बनवायची सोडली त्यांनाच आपण विकत होतो रे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी धावत जाऊन बाबांना सांगितलेलं.

बाबांची गाडी १९८६ ची. पुढच्या वेळी टाकी नीट बघ, त्यावर नुसतं एनफिल्ड लिहिलंय, रॉयल नाहीच. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. खाणीवर होते तेव्हा रोज हीच न्यायचे, त्या लाल मातीचा थर इंजिनाच्या पात्यांमध्ये अजून कुठे कुठे आहे, कितीही धू, जात नाही. मला कीक मारायला त्यांनीच शिकवलं. आधी सावकाश दाबत जायचं, अँपिअरचा काटा मधोमध आला की थांबायचं, मग डिकॉम्पचा (इंजिनातला दाब सोडणारा) खटका ओढून कीक जराशी पुढे ढकलायची, खटका सोडायचा आणि मग पूर्ण वजन टाकून एकच कीक. घाई केली तर ती उलटी बसते, पोटरी काळीनिळी होते. ज्या माणसाने चाळीस वर्षं असं एका गाडीला सांभाळलं त्याला परक्याची गाडी चालवतोस म्हटलं तर लागणारच ना रे.

आणि उलटं पण आहे. वहिनींची ॲक्टिव्हा आपल्याला किती घरची वाटते, म्हापशाच्या बाजारात उभं राहिलं तर दर दुसरी गाडी तीच, बनते पण भारतातच. पण ती बनवणारी कंपनी शंभर टक्के जपानच्या होंडाची. हिरो आणि होंडा १९८४ ला एकत्र आले होते, २०१० मध्ये वेगळे व्हायचं ठरलं, आता हिरो आपली आपण आहे. तुझ्या भाच्याची केटीएम ड्यूक ऑस्ट्रियाची समजतोस ना, ती चाकणला बनते, बजाजने केटीएमचे शेअर २००७ पासूनच घ्यायला घेतले होते, आणि २०२४ च्या शेवटी केटीएम दिवाळखोरीत गेल्यावर बजाजनेच पैसे ओतून २०२५ मध्ये ताबा घेतला. जावाचं नाव चेक, पण इथली कंपनी क्लासिक लिजेंड्स, मोठा वाटा महिंद्राचा. विलायतेची नॉर्टन तर २०२० मध्ये टीव्हीएसने सरळ विकतच घेतली.

म्हणून मी म्हणतो की गाडी भारतीय का असं विचारू नकोस, मालक कोण, बनते कुठे आणि डिझाईन कोणाचं हे तिन्ही वेगवेगळं विचार. बुलेटवाल्यांचं एक टेक सेंटर आज इंग्लंडातच आहे, पण तिथले इंजिनिअर पगार चेन्नईच्या कंपनीचा घेतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही, उलट छातीच फुगते.

तुला मालक इथला हवा असेल तर एनफिल्ड, हिरो, बजाज, टीव्हीएस, कुठलीही घे, पण शोरूमवाल्याच्या तोंडावर जाऊ नकोस. मला एकाने होंडा पण आता देशीच झाली असं छातीठोक सांगितलं होतं.

शिगम्याला येशील तेव्हा हे सगळं बाबांना तूच सांग. मी सांगितलंय, पण बोललेलास तू. आणि चप्पल घालून येऊ नकोस, बूट घाल, बाबा तुला कीक मारायला लावणार आहेत.

तुझाच,
डिचोलीकर