गवत वाळवायचं ठरवण्याआधी

चि. बाळा,

फोनवर नीट बोलणं झालं नाही म्हणून लिहितेय, निवांत वाच. कडबा महागलाय तर यंदा गायींसाठी गवत आपणच कापून वाळवू म्हणालास, विचार चांगलाय रे, पण तू हिशोब नुसता पैशाचा केलायस आणि मला काळजी दिवसांची आहे. आपल्या दिंडोरीकडं गवत फुलोऱ्याला येतं भाद्रपद-आश्विनात, कापायची खरी वेळ तीच, आणि द्राक्षाची गोडी छाटणीपण, म्हणजे फळासाठीची, नेमकी तेव्हाच, पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या सगळ्या बागांमध्ये, माणूस मिळत नाही, वरून परतीचा पाऊस. छाटणी उरकून कापू म्हणशील तर तोवर बी गळून काडी टणक होते, त्यानं गाईचं पोट भरतं पण दूध येत नाही.

एका गाईला रोज ५-६ किलो वाळली वैरण धर, दोघींची वर्षाची ४ टन होते. ओलं ४ किलो गवत वाळून जेमतेम १ किलो राहतं, म्हणजे विळ्यानं १६ टन गवत कापायचं, तुम्ही दोघंच! नको, जीवाला त्रास करून घेऊ नकोस. माझं म्हणणं, विहिरीकडच्या पट्ट्यातलं तेवढं कापा, ते व्यायलेल्या गाईला ठेवा. बाकी दिवाळीनंतर इगतपुरीकडचा भाताचा पेंढा आणि फाल्गुनात ज्वारी निघाली की नगरकडचा कडबा घ्या, बारीक कुटी करून घातला की वायाही कमी जातो.

वाळवताना पातळ पसर, दुपारी उलथव, संध्याकाळी गोळा करून झाक नाहीतर दव पडून सगळं परत ओलं. कांडं वाकवल्यावर कटकन मोडलं की झालं. ओलसर गवताची गंजी अजिबात लावायची नाही, आतून तापते, बुरशी धरते, पेटतेसुद्धा, म्हणून लावल्यावर आठ-पंधरा दिवस आत हात घालून बघत जा, गरम लागलं की लगेच मोकळी कर. आणि खाली दगड-फळ्या टाक, थेट जमिनीवर नको.

बागेच्या बांधावरचं गवत मात्र वैरणीत धरू नकोस, कितीही हिरवंगार दिसलं तरी. छाटणीनंतर औषधांच्या फवारण्या सुरू होतात, तुषार उडून त्याच गवतावर बसतात. विहिरीकडच्या पट्ट्याला तणनाशक मारलेलं नाही ना, हे सूनबाईला विचारून मला कळव.

तुझी आई