रंगवलेली छिद्रं

न्यू जर्सी,
रविवार

प्रिय मित्रा,

काल जे हातात घेतलं ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना. जुन्या वाद्यांच्या एका दुकानात 1963 ची ग्रेच कंट्री जंटलमन वाजवायला मिळाली. ब्रुकलिनच्या कारखान्यातली, पोकळ अंगाची, गडद तपकिरी इलेक्ट्रिक गिटार. हॉस्टेलच्या खोलीत भिंतीवर बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनचा फोटो होता ना, त्याच्या हातातली ती हीच जात. 9 फेब्रुवारी 1964 ला अमेरिकन टीव्हीवर एड सलिव्हनच्या कार्यक्रमात त्याने वाजवली तीसुद्धा.

त्या फोटोत व्हायोलिनसारखी, इंग्रजी f च्या आकाराची दोन छिद्रं दिसायची, आठवतं? काल त्यांवरून बोट फिरवलं, तर सपाट लाकूड! छिद्रं नाहीतच रे, नुसती रंगवलेली आहेत. वर्षानुवर्षं फोटो बघून आपल्याला कधी शंकाही आली नाही.

कारण तुला लगेच पटेल. अ‍ॅम्प्लिफायरच्या आवाजाने पोकळ अंग थरथरतं, तारांखालचा पिकअप, म्हणजे कंपनाचा विजेचा संकेत करणारा भाग, ती थरथर पुन्हा उचलतो, आणि शेवटी नुसता भोंगा वाजत राहतो. तंबोऱ्याचं जे घुमणं आपण जिवापाड जपतो, तेच इथे नडतं. गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्स यांना सूर लांब टिकायला हवा होता आणि हा भोंगाही नको होता, म्हणून त्यांच्या नावाच्या या गिटारचं पोट बंद केलं. रूप मात्र जुनंच ठेवलं.

आता पोट बंद, मग वायरी जोडायला हात घालायचा कुठून? पाठीतून! पाठीला मोठं भोक आणि त्यावर टिचबटणांनी बसवलेली गादी. दुकानदाराने ती चट्‌ चट्‌ करत काढून दाखवली. आत वायरींचं जाळं, सरसाचे सुकलेले ओघळ, आणि बंद कपाटासारखा जुन्या लाकडाचा वास. मी कितीतरी वेळ डोकं खुपसून बसलो होतो.

अजून एक. आवाज दाबायला आपण तारांखाली रुमाल कोंबायचो, तो रुमाल हिच्यात कारखान्यातूनच आलाय. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळची बटणं फिरवली की फेल्टची पट्टी खालून वर येते आणि तारांना टेकते. सूर एकदम आखूड, टप्‌ टप्‌ असा. फार गोड वाटला मला.

मिरजेला गेलास की बाबांना माझा नमस्कार सांग. सोबत पाठवलेला फोटो त्यांना दाखव, पण छिद्रांबद्दल आधी चकार शब्द काढू नकोस. तंबोऱ्याची तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी, त्यांनी जन्मभर बंदच बघितली आहे. ते फोटोवर आधी कुठे बोट ठेवतात, तेवढं मला कळव.

तुझाच