हृदयाचा पंप विकत घेण्याआधी

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

हार्ट अटॅकनंतर बीपी कोसळलेल्या रुग्णाला छाती न उघडता, जांघेतून छोटा पंप सरकवून वाचवता येते, हे आता पुष्कळ वाचकांच्या कानावर आले आहे. ते खरे आहे. पण पंप आत गेल्यावर पुढचे चार दिवस त्याच्याकडे कोण बघणार, यावर रुग्णाचे बरेच काही ठरते आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्यात एखादे रुग्णालय हे यंत्र घेण्याच्या विचारात असेल किंवा एखाद्या कुटुंबापुढे संमतीचा कागद येणार असेल, तर त्यांना हे आधी कळावे, म्हणून हे पत्र.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा पंप समजावून सांगणे सोपे आहे. बोअरमध्ये पाणबुडी मोटर सोडतात, तशी ही मोटर धमनीतून हृदयात सोडतात. सध्या सर्वांत जास्त वापरात असलेला पंप म्हणजे इम्पेला सीपी. त्याचा पंपाचा भाग १४ फ्रेंच, म्हणजे सुमारे ४.७ मिलिमीटर जाड असतो. मागची नळी ९ फ्रेंच, म्हणजे ३ मिलिमीटरची. पंप महाधमनीच्या झडपेतून आरपार बसतो. त्याचे शोषणाचे तोंड डाव्या जवनिकेत (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यात), झडपेच्या खाली साधारण साडेतीन सेंटिमीटरवर असते आणि रक्त बाहेर टाकणारे तोंड महाधमनीत. आतला पंखा मिनिटाला ४६ हजार फेऱ्यांपर्यंत फिरतो आणि मिनिटाला साडेतीन लिटरच्या आसपास रक्त पुढे ढकलतो. निरोगी माणसाचे हृदय विश्रांतीत साधारण पाच लिटर ढकलते, म्हणजे थकलेल्या हृदयाचे बरेचसे ओझे हा पंप उचलतो. या जातीच्या पहिल्या पंपाची कल्पना रिचर्ड वॅम्पलर यांना इजिप्तमध्ये पाणी उपसण्याचे आर्किमिडीजचे मळसूत्र पाहून सुचली. १९८८ मध्ये तो अमेरिकेतील ह्यूस्टन येथे प्रथम माणसात बसवला गेला.

त्याआधीपासून वापरात असलेला महाधमनीतला फुगा हे वेगळे यंत्र आहे. तो स्वतः रक्त ओढत नाही. हेलियमने हृदयाच्या तालावर फुगतो आणि मिटतो, नेहमीच्या आकाराचा असेल तर दर ठोक्याला ४० मिलिलिटर. २०१२ मध्ये ६०० रुग्णांवरील अभ्यासात फुगा लावलेल्या आणि न लावलेल्या गटांतील ३० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले, ४० आणि ४१ टक्के. तेव्हापासून अटॅकनंतरच्या शॉकमध्ये, म्हणजे हृदय पुरेसे रक्त ढकलू न शकल्याने बीपी कोसळतो तेव्हा, फुगा सरसकट लावत नाहीत. मात्र अटॅकमध्ये मिट्रल झडपेला धरून ठेवणारा स्नायू तुटून ती गळू लागली किंवा दोन जवनिकांमधला पडदा फाटला, तर ऑपरेशनपर्यंत रुग्ण टिकवायला तो अजूनही उपयोगी पडतो.

छोट्या पंपाबद्दलचा ठोस पुरावा २०२४ मध्ये आला. डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमधील डेंजर शॉक या अभ्यासात ३५५ रुग्णांची तुलना झाली. १८० दिवसांत पंपाच्या गटातील ४५.८ टक्के रुग्ण दगावले, नेहमीच्या उपचारांच्या गटातील ५८.५ टक्के. म्हणजे आठ रुग्णांना पंप बसवला तर एक जीव जास्त वाचतो. शॉकच्या उपचारांत इतका फरक दाखवणारी यंत्रे फार थोडी आहेत. पण त्याच अभ्यासातले पुढचे आकडेही वाचले पाहिजेत. मोठा रक्तस्राव पंपाच्या गटात २१.८ टक्के, दुसऱ्यात ११.९. पायाचा रक्तपुरवठा तुटणे ५.६ विरुद्ध १.१. डायलिसिससारख्या उपचाराची गरज ४१.९ विरुद्ध २६.७. यातले पुष्कळसे नुकसान निगराणीने कमी करता येते, म्हणून या पत्राचा मोठा भाग निगराणीवर आहे.

रुग्णांची निवडही फार काटेकोर होती. मोठा अटॅक म्हणजे इसीजीत एसटी भाग उचललेला, रक्तातील लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा कमी पडला की वाढणारे द्रव्य) २.५ किंवा जास्त, डाव्या जवनिकेची ताकद ४५ टक्क्यांच्या खाली, आणि बीपी १०० च्या खाली किंवा औषधावर टिकवलेला. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर बेशुद्धच राहिलेले रुग्ण त्यात नव्हते. उजवी जवनिका प्रामुख्याने निकामी झालेलेही नव्हते. त्यामुळे ‘बीपी कमी आहे, पंप बसवा’ हा आग्रह चुकीचा आहे. जवनिकेत रक्ताची गुठळी असेल, महाधमनीत धातूची कृत्रिम झडप असेल, तिथली झडप फार गळत असेल किंवा पायाच्या धमन्या खूप अरुंद झालेल्या असतील, तर हा पंप बसवायचाच नाही. म्हणून शॉकच्या रुग्णाला टेबलावर घेण्याआधी पाच मिनिटांचा इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि लॅक्टेट या दोन गोष्टी रात्री तीनलाही व्हायला हव्यात. त्या होत नसतील, तर पंप घेण्याची घाई करू नये.

आता आपल्या जिल्ह्याची अडचण. करमाळा, सांगोला, अक्कलकोट, बार्शी इथून रुग्ण निघतो तेव्हा बहुधा त्याला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिलेले असते. दोन तासांत अँजिओप्लास्टी होणे शक्य नसेल तर ते द्यायलाच हवे, त्याबद्दल तक्रार नाही. पण टेनेक्टेप्लेज हे असेच इंजेक्शन दिल्यानंतर जांघेतल्या धमनीत १४ फ्रेंचचे भोक पाडले, तर ते भोक वाहत राहते आणि कधीकधी रक्त पोटाच्या मागच्या बाजूला साचते. ते बाहेरून दिसत नाही. बीपी पुन्हा उतरतो, कंबर दुखते आणि सगळ्यांना वाटते हृदयच बिघडले. म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाचे नाव, मात्रा आणि दिल्याची वेळ मोठ्या अक्षरात लिहावी. वेळ लिहिलेली नसते, हीच नेहमीची चूक. त्याच चिठ्ठीसोबत पहिला इसीजी जोडावा. तो रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांत काढलेला असावा. आणि हातपाय गार, लघवी ताशी ३० मिलिलिटरच्या खाली, रुग्ण घाबराघुबरा किंवा सुस्त, अशी लक्षणे असतील तर बीपी ९५ दिसत असला तरी ‘शॉकची शंका’ असे फोनवर स्पष्ट सांगावे. बीपी पूर्ण पडेपर्यंत थांबले तर मूत्रपिंडे आणि यकृत आधीच हातातून गेलेली असतात आणि मग पंप नीट चालूनही माणूस वाचत नाही.

बसवताना जांघेतली धमनी सोनोग्राफीने बघून, बारीक सुईने, मांडीच्या हाडाच्या गोळ्यासमोर टोचावी. हाताने चाचपून, अंदाजाने नाही. त्याहून वर टोचले तर रक्त पोटामागे जाते आणि दाबायला खाली हाड नसते. खाली टोचले तर धमनी आधीच दोन फाट्यांत विभागलेली असते. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांत आणि लहान चणीच्या स्त्रियांत ही धमनी बारीक किंवा चुन्यासारखी कडक असते. तिचा आतला व्यास पाच मिलिमीटरच्या आसपास असेल तर १४ फ्रेंचची शीथ (पंप आत सरकवण्यासाठी धमनीत ठेवलेली नळी) ती पूर्ण बुजवून टाकते. अशा वेळी बसवण्याआधीच खालच्या पायासाठी वेगळी बारीक नळी घालायची तयारी ठेवावी. शक्य असेल तर मोठी शीथ सोलून काढून तिच्या जागी पंपासोबत येणारी बारीक शीथ ठेवावी.

पंप आयसीयूत आल्यावरची सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पर्ज. मोटरमध्ये रक्त शिरू नये म्हणून नळीतून सतत ५ टक्के डेक्स्ट्रोज उलट दिशेने ढकलले जाते. ताशी २ ते ३० मिलिलिटर, दाब पाऱ्याचे ३०० ते ११०० मिलिमीटर. यात सलाईन घालायचे नाही. हेपरिन (गुठळी होऊ न देणारे औषध) बहुधा मिलिलिटरला २५ युनिट या हिशेबाने मिसळतात, म्हणजे ५०० मिलिलिटरच्या बाटलीत १२,५०० युनिट. पर्ज ताशी १० मिलिलिटर चालला तर रुग्णाला ताशी २५० युनिट हेपरिन त्यातूनच मिळते. शिरेतून वेगळे हेपरिन चालू असेल आणि हे अडीचशे मोजलेच नाहीत, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. सिस्टरच्या चार्टवर दोन्हींची बेरीज एका ओळीत लिहायला रकाना हवा. तो छापून घ्यायला काही खर्च येत नाही. हेपरिन सोसत नसेल किंवा रक्तस्राव थांबत नसेल तर पर्जमध्ये त्याऐवजी सोडा बायकार्बोनेट वापरता येते.

पर्जचा दाब अचानक वाढला तर आधी नळी कुठे मुडपली आहे का ते बघावे, बहुतेक वेळा पांघरुणाखाली किंवा कॉटच्या कठड्यात सापडते. मुडपलेली नसेल तर गुठळीची शंका घ्यावी. दाब घसरला तर गळती किंवा सैल जोड.

पडद्यावर ‘सक्शन’ची सूचना आली की गती वाढवायची नाही. विहिरीत पाणी खाली गेले असताना मोटर चालू ठेवली तर ती हवा ओढते, तसेच इथे. जवनिकेत रक्त कमी आहे, किंवा पंपाचे तोंड भिंतीला चिकटले आहे, किंवा उजवी बाजू निकामी झाल्याने डावीकडे रक्तच पोचत नाही. गती एक-दोन पायऱ्या उतरवावी, इको लावून जागा बघावी, रुग्णाला द्रव लागतो का तपासावे. उजवी बाजू थकली असेल तर तिचे औषध वेगळे आहे, द्रव ओतत राहिल्याने ती आणखी फुगते. मोटरच्या करंटची रेषा सपाट झाली तर शोषणाचे आणि बाहेर टाकण्याचे तोंड दोन्ही झडपेच्या एकाच बाजूला आले आहेत, असे धरून चालावे आणि लगेच इको करावा.

लघवी चहासारखी किंवा कोलासारखी झाली तर रक्तपेशी फुटत आहेत. कारण बहुतेक वेळा जागा सरकणे हेच असते. प्लाझ्मातील मुक्त हिमोग्लोबिनची तपासणी सगळीकडे होत नाही, निदान एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारे द्रव्य) रोज तपासावे आणि सिस्टरने लघवीचा रंग शब्दांत लिहावा. जागा सुधारली नाही तर फुटलेल्या पेशींचे ओझे मूत्रपिंडांवर पडते.

पंप चालू असेपर्यंत ज्या जांघेतून पंप घातला त्या पायाची नाडी दर तासाला डॉपलरने (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राने) बघायची. पाय झाकलेला असेल तर कोणी बघत नाही, म्हणून दोन्ही पावले उघडी ठेवावीत. गार पडणे, निळसर किंवा पांढरट रंग, बोटे हलवता न येणे, पोटरी ताठ होणे, यातले एक जरी दिसले तरी सर्जनला त्याच वेळी बोलवावे, सकाळच्या राउंडची वाट बघू नये. नातेवाइकांनीही भेटीच्या वेळी पावलाला हात लावून बघायला हरकत नाही, आणि गार लागले तर तसे बोलून दाखवावे. रुग्णाने तो पाय दुमडायचा नाही, डोक्याकडची बाजू ३० अंशांहून वर न्यायची नाही. सीपीआरची (छाती दाबण्याची) वेळ आली तर पंपाचा प्रवाह कमी करून दाबणे लगेच सुरू करावे, हृदय चालू झाले की पुन्हा वाढवावे आणि इकोने जागा तपासावी. विजेचा शॉक देताना नळीला किंवा कंट्रोलरला कोणी हात लावायचा नाही.

काढतानाही घाई नको. गती दोन पायऱ्यांनी उतरवावी, दोन-तीन तास बीपी, लॅक्टेट, लघवी बघावी, मग पुढच्या दोन पायऱ्या. झडपेत असताना पंप पूर्ण बंद कधीही करू नये. तो नळीच्या भोकासारखा वागतो आणि महाधमनीतले रक्त उलटे जवनिकेत पडते. तो सर्वांत खालच्या गतीवर आणून आधी महाधमनीत ओढावा, तिथे थांबवावा, मग बाहेर काढावा. हा पंप साधारण चार-पाच दिवसांसाठी आहे. त्याहून जास्त दिवस लागणार असे दिसले तर खांद्याजवळच्या धमनीतून बसणारा मोठा पंप किंवा दुसरे केंद्र, याचा निर्णय तिसऱ्या दिवशीच घ्यावा.

रुग्ण पंपासह पुण्याला न्यायचा असेल तर कंट्रोलरची बॅटरी पूर्ण भरलेली असताना सुमारे एक तास चालते. सोलापूर ते पुणे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे चार तास धरावेच लागतात. ॲम्ब्युलन्समध्ये चालू प्लग पॉइंट आहे की नाही, हे रुग्ण हलवण्याआधी कंट्रोलरचा प्लग त्यात लावून बघावे, ड्रायव्हरच्या शब्दावर विसंबू नये. सोबत तयार पर्जची दुसरी बाटली, पर्जची जादा कॅसेट (द्रव ढकलणारा सुटा भाग), पोर्टेबल इको आणि पंप हाताळलेली सिस्टर किंवा तंत्रज्ञ हवाच.

आमचे ठाम मत असे की सोलापुरात हा पंप चार ठिकाणी एकेक असण्यापेक्षा एकाच ठिकाणी असावा, आणि बाकीच्या रुग्णालयांनी रुग्ण वेळेत तिथे पाठवायचे लेखी ठरवून घ्यावे. वर्षाला दोन-तीन वेळाच पंप बसवणाऱ्या टीमचा हात बसत नाही आणि सिस्टरना सूचनांचे अर्थ दर वेळी पुन्हा शोधावे लागतात. त्या एका ठिकाणी चोवीस तास कॅथलॅब (अँजिओप्लास्टी होते ती खोली), इको करणारा डॉक्टर, रक्तवाहिन्यांचा सर्जन, डायलिसिस आणि रक्तपेढी हवी. पंपाची किंमत दहा लाखांच्या पुढे जाते आणि तो एकदाच वापरायचा असतो. म्हणून सही करण्याआधी कुटुंबाने चार प्रश्न विचारावेत. लॅक्टेट किती आहे? उजवी जवनिका कशी आहे? आज रात्री पंपाकडे बघणाऱ्या सिस्टरने याआधी हा पंप सांभाळला आहे का? आणि योजनेत किंवा विम्यात यातले नक्की काय बसते, ते लेखी मिळेल का? डॉक्टर घाईत असतील, तरी या चार प्रश्नांना दोन मिनिटे लागतात.

आपले,
हृदयरोग अतिदक्षता विभाग व कॅथलॅबमध्ये काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ
सोलापूर